चित्र उलटवू नये: सागरी सस्तन प्राण्यांचं शास्त्रीय रेखाटन शिकताना

सुरुवात कवटीपासून करावी. पोहणारा डॉल्फिन काढायची हौस असते हे मान्य, पण कवटी हलत नाही, कुजत नाही, तिला टेप लावता येतो आणि काढलेलं चूक की बरोबर याचा निकाल तिथंच टेबलावर लागतो. संग्रहालयात किंवा प्राणिशास्त्र विभागात बसून काढायची परवानगी मागितली तर सहसा मिळते. हाड घरी आणायच्या भानगडीत मात्र पडू नये. अनेक देशांत या प्राण्यांचं हाड जवळ ठेवायलाही परवाना लागतो.

बॉटलनोझ डॉल्फिनची कवटी साधारण अर्धा मीटर लांब. ती नुसती टेबलावर ठेवली की चोच एकीकडे कलते, म्हणून खाली वाळूची पिशवी घ्यायची आणि चोचीचं टोक व मागचे दोन गोल उंचवटे, म्हणजे जिथं मणका जोडला जातो ते, एका पातळीत आणायचे. शास्त्रीय चित्रात कवटी निदान तीन बाजूंनी दाखवतात: वरून, खालून आणि डाव्या अंगानं. खालचा जबडा वेगळा काढतात. बाजूच्या दृश्यात तोंड डावीकडे आणि उजेड वरून डावीकडून, हा रिवाज इतका मुरलेला आहे की तो मोडला तर जाणकाराला खड्डा उंचवट्यासारखा आणि उंचवटा खड्ड्यासारखा दिसू लागतो.

संदर्भासाठी फोटो घेताना पहिली चूक अंतराची होते. कॅमेरा जवळ नेला की जवळची चोच फुगते आणि मागचा भाग आकसतो. वस्तूच्या लांबीच्या दहापट अंतर हा कामचलाऊ नियम आहे. म्हणजे अर्ध्या मीटरच्या कवटीसाठी ५ मीटर मागे जायचं आणि लांब भिंग लावायचं. दुसरी चूक मोजपट्टीची. पट्टी टेबलावर ठेवली तर ती कवटीच्या वरच्या कडेपेक्षा भिंगापासून दूर पडते, आणि तिच्यावरून घेतलेली मापं खोटी निघतात. ठोकळ्यावर ठेवून ती कवटीच्या निम्म्या उंचीवर आणायची. एवढं करूनही लांबी, चोचीची लांबी आणि गालाच्या हाडांपाशी असलेली सगळ्यात जास्त रुंदी ही तीन मापं कॅलिपरनं, म्हणजे दोन टोकांत वस्तू धरून अंतर मोजणाऱ्या साधनानं, प्रत्यक्ष घ्यायचीच. फोटो आणि कॅलिपर यांचं भांडण झालं तर कॅलिपरचं ऐकायचं.

आता खरी ठेच. वरून दिसणारी कवटी काढताना सगळेच एक युक्ती करतात: मधोमध रेघ मारायची, अर्धी बाजू नीट काढायची, ट्रेसिंग पेपर दुमडायचा आणि दुसरी बाजू छापून घ्यायची. सीलच्या कवटीला हे चालतं. बलीनवाल्या, म्हणजे दातांऐवजी तोंडात झालरीच्या पट्ट्या असलेल्या देवमाशांनाही बऱ्यापैकी चालतं. दात असलेल्या देवमाशांना, म्हणजे डॉल्फिन, किलर व्हेल, स्पर्म व्हेल यांना, अजिबात चालत नाही. त्यांच्या कवटीचा मागचा भाग मुळातच वाकडा असतो. नाकाची भोकं मध्यरेषेच्या डावीकडे सरकलेली असतात आणि त्यांच्या उजवीकडची हाडं डावीकडच्यांपेक्षा रुंद असतात. हा वाकडेपणा नाकाजवळच्या आवाज काढणाऱ्या मऊ अवयवांशी निगडित आहे, आणि स्पर्म व्हेलमध्ये तो कळसाला पोचतो. दुमडून काढलेली डॉल्फिनची कवटी फार देखणी दिसते. तशी कवटी असलेला डॉल्फिन मात्र समुद्रात नाही. चोच जवळजवळ सरळ असते, त्यामुळे ती काढताना डोळा निवांत होतो आणि फसवणूक कपाळापाशी होते. उपाय साधा आहे. मध्यरेषा चोचीच्या टोकापासून मागच्या दोन उंचवट्यांच्या मधोमध ओढायची आणि प्रत्येक ठळक बिंदूचं अंतर त्या रेषेपासून डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळं मोजायचं.

शाई धरण्यापूर्वी हाडांचे सांधे आणि तडे यांत फरक करायला शिकावं लागतं. सांधा नागमोडी, बारीक आणि दोन्ही बाजूंना साधारण सारख्या जागी असतो. तडा सरळसोट आणि कुठंही. सांधे बारीक रेषेनं दाखवायचे. तडे त्या विशिष्ट कवटीचे असतात, जातीचे नव्हेत, म्हणून गाळायचे, पण नोंदवहीत लिहून ठेवायचे. मोडलेलं चोचीचं टोक आपल्या मनानं पुरं करायचं नाही, तुटक रेषेनं सुचवायचं. दात मोजूनच काढायचे: बॉटलनोझमध्ये प्रत्येक ओळीत साधारण १८ ते २६ निमुळते दात असतात. पॉर्पॉइजचे, म्हणजे डॉल्फिनच्या आखूड तोंडाच्या भाऊबंदांचे, दात चपटे, कुदळीच्या पात्यासारखे असतात. तिथं सवयीनं टोकदार दात काढले की चित्रानं प्राण्याचं कुळच बदललं.

कवटीसाठी ठिपक्यांचं छायांकन सगळ्यात बरं, कारण ते छापताना टिकतं. गुळगुळीत ब्रिस्टल बोर्ड (जाड चित्रकागद) किंवा ड्राफ्टिंग फिल्म (अर्धपारदर्शक प्लास्टिकचा कागद), आणि ०.२५ व ०.३५ मिलिमीटरची टेक्निकल पेनं एवढ्यात काम भागतं. पेन कागदाला काटकोनात धरायचं, टोक टेकवायचं, सरळ उचलायचं. घाई झाली की ठिपक्याला शेपूट फुटते. हात एकाच लयीत चालायला लागला की ठिपके ओळीत बसतात आणि लांबून साखळ्या दिसतात. म्हणून जागा बदलत राहायचं. अंधारातून उजेडाकडे यायचं, कारण ठिपका वाढवता येतो, काढता येत नाही. एका कवटीच्या एका बाजूला माझे तरी वीसेक तास जातात, आणि शेवटच्या दोन तासांत चित्र बिघडण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

चित्र छपाईच्या दुप्पट आकारात काढण्याची पद्धत आहे, म्हणजे लहान करताना हाताची थरथर लपते. पण लहान करताना रेषही बारीक होते, हे सुरुवातीला ध्यानात येत नाही. ०.२५ ची रेष निम्म्यावर आणली की ०.१२५ उरते, तिथवर ठीक. हौसेनं ०.१३ चं पेन वापरलं तर ती ०.०६५ होते आणि छपाईत जागोजागी तुटते. उलट बाजूनं, गडद भागातली ठिपक्यांमधली पांढरी जागा लहान होताना भरून जाते आणि डोळ्याची खोबण शाईचा डाग बनते. पुरं करण्याआधीच अर्धवट चित्र १२०० डीपीआयला स्कॅन करून अंतिम आकारात छापून पाहावं.

कवटी जमली की अख्ख्या प्राण्याकडे वळायचं, आणि तिथंही पेन्सिलीआधी आकडे. छोट्या डॉल्फिनवर्गीय प्राण्यांची मापं कशी घ्यायची याची ठरावीक पद्धत अमेरिकन सोसायटी ऑफ मॅमॉलॉजिस्ट्सच्या समितीनं १९६१ साली प्रसिद्ध केली आणि किनाऱ्यावर आलेल्या प्राण्यांच्या नोंदी आजही त्याच वळणानं होतात. एकूण लांबी म्हणजे वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या दोन पात्यांमधल्या खाचेपर्यंत. ती शरीराच्या अक्षाला समांतर, सरळ रेषेत घ्यायची. टेप पाठीच्या गोलाईवरून फिरवायचा नाही. जुन्या नोंदींत तसा फिरवलेला असेल तर लांबी फुगलेली असते आणि बाकीची प्रमाणं बिघडतात. डोळा, तोंडाचा कोपरा, श्वासरंध्र, फ्लिपरचं (छातीजवळच्या वल्ह्यासारख्या हाताचं) मूळ, पाठीच्या पराचं टोक, गुदद्वार ही सगळी अंतरं जबड्याच्या टोकापासूनच मोजलेली असतात.

समजा, २४० सेंटिमीटरचा बॉटलनोझ ३० सेंटिमीटरमध्ये काढायचा आहे. प्रमाण १:८. टोकापासून तोंडाचा कोपरा २८ असेल तर कागदावर ३.५, डोळा ३२ तर ४, फ्लिपरचं मूळ ५६ तर ७, पाठीच्या पराचं टोक १३६ तर १७. आडवी आधाररेषा मारून तिच्यावर या जागी उभ्या खुणा करायच्या. मग जाडी. जाडी कोणी मोजत नाही, घेर मोजतात. फ्लिपरमागचा घेर १२० असेल तर त्याला ३.१४ नं भागून ३८ सेंटिमीटर व्यास मिळतो, कागदावर ४.८. छातीजवळ शरीर जवळपास गोल असतं, त्यामुळे हा हिशोब तिथं चालतो. गुदद्वाराच्या मागे तो चालत नाही. शेपटीचा दांडा दोन्ही बाजूंनी दाबलेला, वर-खाली धार असलेला असतो. तिथं घेरावरून काढलेला व्यास उंचीपेक्षा कमी निघतो आणि शेपटी काठीसारखी बारीक दिसते. तिथली उंची नोंदीत वेगळी नसेल तर बरोबर बाजूनं घेतलेल्या फोटोवरून ठरवायची.

या खुणा जोडल्या की कागदावर जे उमटतं ते पाहून पहिल्यांदा नवल वाटतं: डोळा फारच पुढं आणि खाली, तोंडाच्या कोपऱ्याला लागून, फ्लिपर अपेक्षेपेक्षा पुढं, पर जवळपास मध्यावर. मनातला डॉल्फिन आणि मापातला डॉल्फिन यांच्यातलं अंतर इथं उघडं पडतं. आकडे खोटे असतील असं वाटून ते ‘दुरुस्त’ करायचा मोह होतो. तो आवरावा.

फोटोंशिवाय काम होत नाही, पण प्रत्येक फोटो कुठल्या ना कुठल्या प्रकारे फसवतो आणि कोणता कसा हे माहीत हवं. मेलेल्या प्राण्याचे फोटो सगळ्यात स्पष्ट आणि सगळ्यात दगाबाज. पाण्यानं तोललेलं शरीर वाळूवर आलं की स्वतःच्या वजनानं पसरतं. उन्हात कातडी काही तासांत काळवंडते, मग सोलते. निळा देवमासा, फिन व्हेल यांच्या गळ्यावर लांब घड्या असतात. भक्ष्य गिळताना त्या उलगडतात. मेल्यावर आत वायू साठला की तो गळा फुग्यासारखा तट्ट होतो. जुन्या चित्रांत हे प्राणी बेडकाच्या पिल्लासारखे, पुढं ढब्बू आणि मागं निमुळते दिसतात, त्याचं मूळ अशा फुगलेल्या प्रेतांत आहे. जिवंत फिन व्हेल सडसडीत असतो, वेगासाठी बनलेला.

या फसगतीला जुनी परंपरा आहे. १५९८ साली हॉलंडच्या किनाऱ्यावर स्पर्म व्हेल आला, डच चित्रकार हेन्ड्रिक गोल्ट्झियसनं तो चितारला आणि त्यावरून छापील चित्र निघालं. गोल्ट्झियसचा हात विलक्षण होता. तरीही त्यातला बाजूचा पर डोळ्याच्या इतका जवळ आणि अशा वळणाचा झाला की तो कानासारखा दिसतो. पुढे नक्कल करणाऱ्यांनी प्राणी पाहिला नव्हता, चित्र पाहिलं होतं. त्यांनी देवमाशाला खरोखरचे कान दिले. टोकापासून फ्लिपरपर्यंतचं एक माप लिहून ठेवलेलं असतं तर हे टळलं असतं.

पाण्याखालच्या फोटोंत भिंगाचा घोळ असतो. पाणी गढूळ असतं म्हणून छायाचित्रकार जवळ जातो, जवळ गेलं की रुंद भिंग लावतो, आणि कॅमेऱ्याकडे येणाऱ्या देवमाशाचं डोकं शरीराच्या निम्मं होतं. अशा फोटोवरून घड्या कशा वळतात, डोळ्याभोवतीची कातडी कशी आहे हे घ्यावं, प्रमाण घेऊ नये. ड्रोननं बरोबर वरून घेतलेले फोटो रुंदी आणि फ्लिपरच्या आकारासाठी उत्तम. मात्र प्राणी श्वास घेऊन खाली वळत असेल तर पाठ कमान झालेली असते आणि वरून लांबी कमी भरते. पाच-सहा लागोपाठच्या फोटोंतला सगळ्यात लांब दिसणारा घ्यायचा. आणि चौथा प्रकार, ज्याचा संशयच येत नाही: कोणीतरी संगणकावर डावी-उजवी बाजू उलटवलेला फोटो. त्याच्याकडे शेवटी येतो.

शेपटीवर थोडं थांबायला हवं, कारण नवशिक्यांची निम्मी चित्रं तिथं पडतात. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवी हलते; यांची पाती आडवी असतात आणि वर-खाली हलतात. त्यामुळे बरोबर बाजूनं पाहिलं तर पाती जवळजवळ दिसतच नाहीत, नुसती एक पातळ पट्टी दिसते. ते डोळ्याला पटत नाही, म्हणून हात नकळत शेपटी उभी करतो आणि डॉल्फिनचा मासा होतो. दोन मार्ग आहेत. एकतर शेपटी प्रामाणिकपणे पट्टीसारखी दाखवून पाती वरून कशी दिसतात ते शेजारी वेगळं काढायचं, नाहीतर शेपटी किंचित आपल्याकडे वळवलेली दाखवायची आणि तसं टिपेत लिहायचं. मला पहिला जास्त सरळ वाटतो. पात्यांच्या मधली खाच काढताना जात आठवावी: चोचवाले देवमासे (बीक्ड व्हेल) म्हणून जो वेगळा गट आहे, त्यातल्या बहुतेकांना ती नसते किंवा नावापुरती असते.

पाती आणि पाठीचा पर यांत हाड नसतं, घट्ट तंतूंचं जाळं असतं. फ्लिपरमध्ये मात्र आपल्या हातासारखीच हाडं असतात: दंडाचं एक, कोपराखालची दोन, मग मनगट आणि बोटं, फक्त बोटांची पेरं आपल्यापेक्षा बरीच जास्त. खांदा हलतो, कोपर, मनगट जवळजवळ नाही. फ्लिपर मधेच वाकवलेला काढला की तो रबरी हातमोजा वाटतो, त्याचं कारण हे. आणि पर, पाती, फ्लिपर या सगळ्यांचा आडवा छेद विमानाच्या पंखासारखा असतो, पुढची कड गोल आणि जाड, मागची धारदार. पुढच्या कडेवर हलकी चमक आणि मागच्या कडेला एकच बारीक रेष एवढ्यानं ते कळतं. दोन्ही कडा सारख्या जाडीच्या रेषेनं काढल्या की पर पुठ्ठ्याचा कापल्यासारखा दिसतो. छायांकनाआधी ट्रेसिंग पेपरवर शरीराचे पाच-सहा आडवे छेद काढून ठेवले, डोक्याचा, छातीचा, परापाशी, शेपटीच्या दांड्याचा, तर उजेड कुठं वळेल याचा अंदाज करावा लागत नाही, तो दिसतो.

पण डॉल्फिनचं छायांकन हे या सगळ्यातलं सगळ्यात अवघड प्रकरण, आणि त्याचं कारण चित्रकाराच्या हातात नाही, प्राण्याच्या कातडीत आहे. गोल वस्तूवर वरून उजेड पडला की वरची बाजू उजळ, खालची काळी. चित्रकलेचा पहिला धडा. डॉल्फिन नेमका उलटा रंगलेला असतो: पाठ गडद, पोट फिकट. समुद्रात वरून उजेड पडतो तेव्हा गडद पाठ उजळते, फिकट पोटावर सावली येते, दोन्ही एकमेकांना खातात आणि प्राणी सपाट, जवळपास अदृश्य होतो. ही गोष्ट १८९६ साली नीट मांडली ती अॅबट थेयर या अमेरिकन चित्रकारानं, आणि ते साहजिकच आहे. गोलाई दाखवणं हा ज्याचा धंदा, त्यालाच गोलाई लपवण्याची युक्ती आधी दिसणार. आपल्याला आता प्राण्यानं जे लपवलंय तेच दाखवायचंय, तेही त्याच्या रंगाला धक्का न लावता. पोटावर सावली गडद केली तर वाचणाऱ्याला वाटेल पोटच करडं आहे. पाठीवर चमक जास्त दिली तर तिथं पांढरा पट्टा आहे असं वाटेल.

यातून वाट काढायची तर रंग आणि सावली वेगळ्या करायच्या. आधी एका कागदावर फक्त नमुना: पाठीचा गडद पट्टा कुठवर, बाजूची मधली छटा कुठवर, डोळ्यापासून फ्लिपरपर्यंतची रेघ, पोटाची कड, सगळं सपाट, सावलीशिवाय. दुसऱ्या कागदावर तोच आकार, पण अख्खा प्राणी जणू पांढऱ्या मातीचा, फक्त सावली. मग दोन्ही एकत्र आणताना सावली तिच्या मूळ ताकदीच्या चौथ्या हिश्शापर्यंत उतरवायची. संगणकावर हे दोन लेयर आणि एक सरकपट्टी; कागदावर तेच ट्रेसिंग पेपर आणि सबुरी. नमुन्याची कड आणि सावलीची कड एकाच जागी येऊ द्यायची नाही. आली तर दोन्ही मिळून एक खोटा पट्टा तयार होतो. उजेडाचा कोन थोडा पुढं-मागं करून ती टाळता येते.

ओल्या कातडीची चमक दाखवायला कार्बनच्या भुकटीची रीत फार समर्पक आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९११ मध्ये वैद्यकीय चित्रकलेचा विभाग सुरू झाला, त्याचे प्रमुख मॅक्स ब्रोडेल यांनी ती ओल्या अवयवांच्या चित्रांसाठी घडवली. कार्बन पेन्सिल सँडपेपरवर घासून भुकटी करायची, मऊ कोरड्या ब्रशनं ती पातळ थरात चढवायची, आणि चमक मळता येणाऱ्या खोडरबरानं उचलायची किंवा पात्यानं खरवडायची. ड्राफ्टिंग फिल्मवर हे छान होतं. दोन्ही बाजू खरखरीत असलेली फिल्म घेतली तर मागच्या बाजूनंही छटा गडद करता येते. शत्रू एकच, बोटांचा तेलकटपणा. फिल्मवर बोट टेकलं की तिथं भुकटी वेगळीच बसते आणि अर्ध्या कामानंतर पाठीवर ठसा उमटतो. हाताखाली सतत कोरा कागद ठेवावा. चमक थोडीच द्यावी, नाहीतर डॉल्फिन प्लास्टिकचा होतो.

डोळ्याबद्दल दोनच गोष्टी. डॉल्फिनच्या डोळ्याला माणसासारखा पांढरा भाग देऊ नये. भर उजेडात त्याची बाहुली वरून झाकली जाऊन इंग्रजी यू अक्षरासारखी होते, पण ३० सेंटिमीटरच्या चित्रात ते दिसणार नाही, तेव्हा एक गडद टिंब आणि एक चमक पुरे. आणि तोंडाची वळलेली रेषा म्हणजे हसू नव्हे, जबड्याची ठेवण आहे. ती मापाबाहेर एक मिलिमीटर वर गेली तरी चित्र बालपुस्तकात जातं.

मोठ्या देवमाशांकडे गेलं की मोजण्यासारखं वेगळंच काही निघतं. गळ्यावरच्या घड्या हंपबॅकला साधारण १४ ते ३५, रुंद रुंद; निळ्या देवमाशाला ५५ ते ८८, बारीक. सगळ्याच बाजूनं दिसत नाहीत, पण कमी-जास्त घनता दिसायला हवी. हंपबॅकचे फ्लिपर शरीराच्या जवळपास एक तृतीयांश, पुढच्या कडेला गाठी. डोक्यावरचे कंगोरेही मोजावेत: ब्राइड्स व्हेलला तीन, त्याच्या बहुतेक भाऊबंदांना एक. बलीन वरच्या जबड्याला लटकतं, खालच्याला नाही. बाहेरची कड गुळगुळीत, आतली झालरीची. प्रत्येक बाजूला शेकडो पट्ट्या असतात, त्या एकेक काढू नयेत. पुढं-मागं आखूड, मधे लांब, एवढा चढउतार आणि समांतर रेषांमधलं अंतर कमी-जास्त करून काम होतं.

सीलवर्गात कान पाहावा, मग मागचे पाय. खऱ्या सीलला बाहेरचा कान नसतो आणि मागचे पाय पुढं वळत नाहीत. सी लायन व फर सीलला छोटा कान असतो आणि ते मागचे पाय पोटाखाली घेऊन चालतात. वॉलरसला कान नाही, पण पाय वळतात. बसलेल्या सी लायनच्या पोजमध्ये हार्बर सील, म्हणजे खरा सील, काढणं ही नेहमीची घोडचूक. सीलची लांबी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत धरतात, मागच्या पायांपर्यंत नाही. मिशांकडेही लक्ष द्यावं: बहुतेक खऱ्या सीलच्या मिशा मण्यांसारख्या उंच-सखल असतात, सी लायनच्या गुळगुळीत. समुद्रगायींमध्ये डुगाँगची शेपटी डॉल्फिनसारखी दोन पात्यांची, मॅनाटीची गोल वल्ह्यासारखी. मॅनाटीच्या फ्लिपरला नखं असतात, डुगाँगला नसतात, आणि अॅमेझॉनच्या मॅनाटीलाही नसतात.

काढायचं कोणतं, एखादा विशिष्ट प्राणी की जात, हे आधीच ठरवलेलं बरं. जातीच्या चित्रात एकाच प्राण्याच्या अंगावरचे ओरखडे, तुटलेला पर, चावल्याच्या खुणा येऊ देऊ नयेत. पण रिसोज डॉल्फिन वयानुसार ओरखड्यांनी पांढरा पडत जातो. तिथं ओरखडे गाळले तर जातच गाळली. म्हणून टिपेत नर की मादी, प्रौढ की पिल्लू हे असावंच. पोटाकडून काढलेल्या चित्रात नर-मादी दिसते: नरामध्ये जननछिद्र आणि गुदद्वार वेगवेगळे, मादीत एकच लांब फट आणि तिच्या दोन्ही बाजूंना स्तनांच्या छोट्या फटी.

रंगासाठी काळ्यात पांढरा मिसळून करडा करू नये, तो मेलेला दिसतो; अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर यांच्या मिश्रणातून थंड आणि उबदार दोन्ही करडे निघतात. पाण्याखालच्या फोटोतला निळा-हिरवा रंग कातडीचा नसतो. पाणी तांबडा उजेड आधी गिळतं.

शेवटी मोजपट्टी. ‘१:८’ असं लिहून चालत नाही, कारण छापताना चित्र लहान-मोठं होतं आणि आकडा खोटा पडतो. चित्रातच पट्टी काढायची: ५० सेंटिमीटरसाठी कागदावर ६.२५. ती चित्राबरोबर लहान होते. शाई चढवण्याआधी कच्चं चित्र त्या जातीवर काम करणाऱ्या अभ्यासकाला दाखवायचं आणि ‘बरं झालंय का’ असं न विचारता ‘डोळा आणि तोंडाचा कोपरा यांतलं अंतर पटतं का, पोटाच्या पांढऱ्याची कड बरोबर जागी आहे का’ असं विचारायचं. मोघम प्रश्नाला मोघम कौतुक मिळतं.

आणि आता तो उलटवलेला फोटो. फिन व्हेलचा खालचा जबडा उजवीकडे पांढरा आणि डावीकडे गडद असतो. २००३ साली वर्णन झालेल्या ओमुराज व्हेलमध्येही उजवी बाजू फिकट. स्पर्म व्हेलचं एकुलतं श्वासरंध्र डोक्याच्या पुढच्या टोकाला, डावीकडे, आणि फवारा पुढं-डावीकडे तिरका जातो. या प्राण्यांचा उलटवलेला फोटो म्हणजे जगात नसलेला प्राणी. संदर्भ घेताना बोटीचं नाव, पोहणाऱ्याचं घड्याळ, फोटोतलं कुठलंही अक्षर उलटं दिसतंय का ते पाहावं. काहीच नसेल तर त्याच प्राण्याचा दुसरा फोटो शोधावा. आपलं चित्र बरोबर असलं तरी धोका संपत नाही. मांडणी करणाऱ्याला प्राण्याचं तोंड पानाच्या आतल्या बाजूला हवं असतं आणि ते एका क्लिकचं काम असतं. म्हणून फाइलच्या नावातच, आणि चित्राच्या समासात पेन्सिलीनंही, ‘डावी बाजू, उलटवू नये’ असं लिहून ठेवावं. फिन व्हेलसाठी मी तर उजवी बाजूही वेगळी काढून सोबत जोडण्याच्या मताचा आहे. तीसेक तास जास्त जातात, पण मांडणी करणाऱ्याच्या हाताशी उजवीकडे पाहणारा खरा देवमासा असतो.